बावीस डबे, दोन टक्के चढ

थंडर बेला फेब्रुवारीत बाहेर काय असतं?
गोठलेलं सरोवर, धान्याची उंच कोठारं,
बर्फात बुडालेल्या कुंपणांची नुसती टोकं.
म्हणून आम्ही ओइवा रौतिओच्या तळघरात,
भट्टीच्या उबेला, पायात दोन-दोन मोजे,
सत्त्याऐंशी पट लहान केलेल्या जगासमोर.

आज तीन खोकी. निळं, पिवळं, करडं.
तिन्हींत एकच डिझेल इंजिन,
म्हणजे तीन कंपन्यांना समजलं तसं ते एक:
आखूड नाकाचं, मरून-करडं,
ओइवाने चौतीस वर्षं चालवलं तसलं.

वही माझ्याकडे. मी रकाने आखले:
वजन, ओढ, आवाज, कठडे, रंग, किंमत.
जन्मभर भूगोल शिकवला,
पट्टी हातातून सुटत नाही.

निळं बोहदानने घेतलं होतं चाळीस वर्षांपूर्वी,
पगाराच्या दिवशी, बायकोला न सांगता.
कठडे असे जाड की खऱ्या मापात
ड्रायव्हरच्या मनगटाएवढे भरावेत.
आत मोटर मावावी म्हणून अंग फुगवलेलं,
पंगतीतून नुकतं उठल्यासारखं.

पिवळं देखणं. जाळीच्या आरपार पंखा दिसतो,
पायऱ्यांनासुद्धा भोकं,
दाराच्या कड्या कुणी सुईने ओवल्यात जणू.
रुळावर इतकं हळू सरकतं
की बोहदान म्हणाला,
"हे चालतंय, की आपणच म्हातारे होतोय?"
चढावर मात्र चौदाव्या डब्याला
चाकं फिरत राहिली जागच्या जागी.

करडं बोलतं. पोटात इवलासा स्पीकर.
सुरू होताना खोकतं, मग घरघर, मग घंटा.
माझी पहिली मोटार याहून थोडीच महाग होती.
अठरा डबे.

रंग? बोहदानची हयात रंगाच्या शेडमध्ये गेली.
"तिन्ही चूक," तो म्हणाला.
"हा उकडलेल्या बीटाचा रंग.
आपला आंबलेल्या बीटाचा होता."

ओइवा गप्प. करडं त्याच्या नाकासमोरून
घंटा वाजवत गेलं,
आणि त्याने विचारलं, "सुरू केलंत का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.
आइली कॉफी घेऊन जिना उतरत होती.
"उजवा गेला ख्रिसमसच्या आधी," ती म्हणाली,
"डावा आता नावाला."
इतके दिवस आम्ही हसलो की तोही हसत होता.

मग त्याने निळं मागितलं.
गव्हाचे बावीस डबे जोडले,
आणि तळहात पालथा ठेवला फळीवर.

जुने दाते करकरत, अख्खी फळी हादरवत
ते चढाला लागलं.
एक ठिणगी. जळक्या तेलाचा वास.
बेढब, धसमुसळं,
थांबलं मात्र नाही.
ओइवाची बोटं दबली, सैलावली, पुन्हा दबली.
"तिसरा नॉच," तो म्हणाला. "आता चौथा.
रॉसपोर्टच्या वळणाआधी असंच यायचं,
बुटांतून वर, थेट कण्यात."

निळ्यासमोर आवाजाच्या रकान्यात
मी 'कर्कश' लिहून बसलो होतो. पेनाने.

"पण कठडे भयंकर आहेत," बोहदान म्हणाला.
ओइवाने ते त्याच्या ओठांवरून वाचलं.
"भयंकर. पिवळ्याचे काढून लावा याला."
पिवळं माझं होतं. मला कुणी विचारलं नाही.

मग तीन म्हातारे, तीन चष्मे, एक भिंग,
केसाएवढी तार, तिच्याहून बारीक भोक.
एक कठडा वाकला. एक गालिच्यात हरवला.
आइलीने कॉफी दोनदा गरम केली.
बाजूच्या रुळावर करडं
बंद करायचं राहून गेलं होतं,
आपलं आपल्याशीच
घंटा वाजवत उभं.