उलट्या आट्याचं पेडल

खोकं बांधून झालं होतं.
सुतळीची शेवटची गाठ दातानं ओढत होतो,
तेवढ्यात बागमार शेठनी चष्मा कपाळावर चढवला
आणि कंपनीचं पत्र वाचलं,
अर्धं मोठ्यानं, अर्धं घशात:
यापुढे पार्सल बंद.
सायकल दुकानातच जोडायची, दुकानातच द्यायची.
गिऱ्हाईक समोर उभं पाहिजे,
सही पाहिजे, सहीसोबत फोटो.
नाहीतर डीलरशिप गेली.

"निसार, सोड ते."

एकवीस वर्षं या नाना पेठेत
मी नव्याकोऱ्या सायकली मोडून ठेवतोय.
हँडल आडवं वळवायचं, हवा निम्मी,
फोर्कच्या पायांत लाकडाचा ठोकळा,
नाहीतर ट्रान्सपोर्टवाले चेपतात.
मग पेडलं. उजवं नेहमीसारखं सुटतं,
डावं उलट्या आट्याचं:
नव्या पोरानं जोर लावला
की आणखीच आवळतं.
जत, चंदगड, मंठा, अहेरी.
मी कुठंच गेलो नाही,
खोक्यांवर मार्करनं लिहून लिहून
महाराष्ट्र पाठ झाला.

या खोक्यावर लिहिलं होतं
ललिता पाडवी, आरोग्य सेविका, धडगाव.
पंधरा इंची फ्रेम.
बुटक्या माणसाची सायकल
कुणी दुकानात ठेवत नाही,
मागवायला तीन महिने गेले.

एरिया मॅनेजर आला.
म्हणाला, घरी कुणी ब्रेक चुकीचा जोडला,
माणूस पडला, तर नाव कुणाचं जातं?
मी म्हटलं, बरोबर आहे.
खरंच बरोबर होतं.
बार्शीच्या एका मास्तरांनी फोर्क उलटा बसवून
महिनाभर शाळा केली होती,
वर पत्र लिहिलं, सायकल जरा हट्टी आहे.

मग तो हळू आवाजात म्हणाला,
शिवाय बाकीचे डीलर तक्रार करतात,
तुम्ही दीड हजार कमी घेता.
"धडगावला तुमचा डीलर कोण?"
त्यानं फोनवर नकाशा उघडला,
दोन बोटांनी मोठा केला, लहान केला,
आणि बिस्किट घेतलं.

ललिताताईंना फोन केला.
पलीकडे थोडा वेळ नुसता वारा.
"मग मीच येते."

रात्रभर एसटीत बसून वाकडेवाडीला उतरल्या,
शटर उघडायच्या आधी दारात.
मी सुतळी कापली, सायकल उभी केली.
बसल्या, तर टाचा अधांतरी.
फोनवर माणूस उंची सांगतो,
पायाची लांबी कोण सांगतं?
सीट दोन बोटं खाली घेतली.
कंपनीला हे कळलं असतं तर
पत्र फ्रेम करून लावलं असतं.

क्वार्टर गेटपर्यंत जाऊन आल्या,
बस, रिक्षा, हातगाडी, सगळ्यांतून.
"उतारावर ब्रेक धरेल ना?"
उतार कुठं आहे, मी विचारलं.
"आमच्याकडे तेवढाच आहे."

सही झाली. फोटो झाला, त्या हसल्या नाहीत.
शेठनी तो तिथूनच पाठवला, वर अंगठा आला.
मग ताई म्हणाल्या,
"आता ही न्यायची कशी?"

शेठनी वही उघडली, वहीतच बघत म्हणाले,
विकलेली वस्तू गिऱ्हाइकाची,
मोडा नाहीतर नदीत टाका.
उंबऱ्याच्या आत काही नको.

उंबऱ्याबाहेर फूटपाथ आहे.
तिथं मी पुन्हा हँडल आडवं केलं,
हवा निम्मी, तोच ठोकळा, तेच खोकं,
वरचं नावही तेच.
फक्त यावेळी पाना त्यांच्या हातात दिला.
"उजवं असं. डावं उलटं."
"डावं उलटं," त्या म्हणाल्या,
दोनदा, गोळ्यांचा डोस सांगतात तसं.

कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं,
खोकं टपावर गेलं.

चार दिवस फोन नाही.
पाचव्या दिवशी आला, रेंज तुटत होती,
मागे कुणाचं तरी मूल रडत होतं, सुईला असणार.
"जोडली.
डावं बरोबर बसलं.
उजवंच चुकलं होतं आधी."