कर्ता लिहायची गरज नाही

नववी ब, पाचवा तास.
इतिहासाचे कणसे सर निवडणुकीच्या कामावर,
म्हणून त्यांचा धडाही माझ्याकडे आला.
आला नाही, दिला. हेडसरांनी दिला.
पण हे मला नंतर सुचलं.

फळ्याच्या डाव्या अर्ध्यात मी जहाज काढलं
शेंगेसारखं,
आणि शेंगेत दाणे, आडवे, खेटून, पायाला डोकं.
उजव्या अर्ध्यात इंग्रजीचं व्याकरण.
दे सोल्ड द पीपल.
द पीपल वेअर सोल्ड.

पोरांना युक्ती आवडली.
शेवटचं उचलायचं, पुढं आणायचं,
वेअर घालायचं, क्रियापदाचं तिसरं रूप.
ब्रॉट आणि बॉट यांत नेहमीचा गोंधळ झाला.
मी म्हटलं, इथं दोन्ही चालेल.
कुणी हसलं नाही.

मग गाईडातल्या चौकटीतला नियम सांगितला:
बाय देम, बाय पीपल, बाय समवन
लिहायची गरज नाही.
उगाच शब्द वाढतात. मार्क जात नाही.

इर्शाद तांबोळी उठला.
त्याचे वडील कारखान्याच्या वजनकाट्यावर असतात,
कमी भरलेलं त्याला लगेच कळतं.
"मॅडम, मग ते गेले कुठं? विकणारे?"

मी फळ्याकडं बघितलं.
जहाजभर मी माणसं भरली होती,
सुकाणूवर कुणीच काढलं नव्हतं.

बरं, मराठीत लिहून बघू.
व्यापाऱ्यांनी माणसं विकली.
बघा, क्रियापद कुणाच्या मागं जातं:
भाऊ विकला, बहीण विकली, पोर विकलं.
विकलेल्याच्या लिंगानं, विकलेल्याच्या वचनानं चालतं ते,
मयताबरोबर चालावं तसं.
पण व्यापाऱ्याच्या अंगाचा तो 'नी' निघत नाही,
कुसळासारखा.

पोरांना चेव आला.
बुडाली की बुडवली?
मेली की मारली?
पडली, पाडली!
मागच्या बाकावरून कुणीतरी: तुटला, तोडला!
आणि तेवढ्यात ताकारीच्या रस्त्यानं
दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर गेला, खिडक्या थरथरवत.

हे सगळं साखरेसाठी, मी म्हटलं.
तिकडं ऊस कोण तोडणार, म्हणून.
पुढं काही सांगावं लागलं नाही.
पलूसच्या या पट्ट्यातल्या पोरांना
ऊस समजावून सांगत नाहीत.
काही जणांनी वळून तिसऱ्या बाकाकडं बघितलं.

तिथं द्वारका सानप बसायची.
पाटोद्याकडची, टोळीबरोबर आलेली,
दिवाळीनंतर आली, जानेवारीत दिसेनाशी झाली.
कोपीवर धाकट्याला सांभाळायला ठेवली होती.
तिचं अक्षर बारीक होतं. वही अजून माझ्या कपाटात आहे,
तपासलेली.

तास संपला. ऑफिसात जाऊन मी पट उघडला.
शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईत, वळणदार:
सतत गैरहजर. नाव पटावरून कमी करण्यात आले.

करण्यात आले.
ही आपली सरकारी बोली. कळविण्यात येते,
मंजूर करण्यात येत आहे, विचार करण्यात येईल.
इंग्रजांचं काही शिकलो नसलो तरी
हे आपण पाठ केलं.

शिपाई चहा ठेवून गेला. मी पेन काढलं
आणि कर्ता घालून वाक्य पुन्हा जुळवू लागले.
हेडसरांनी कमी केले? नाही, त्यांची फक्त सही.
मुकादमानं? बापानं? उचलीनं?
कारखान्यानं?
सगळ्यांना 'नं' नीट बसत होता.
राहिलं एकच:
मी नाव कमी केलं.

बघत राहिले.
मराठीत सगळ्यांना चिकटतो तो 'नं',
रामाला, व्यापाऱ्याला, मुकादमाला,
पण 'मी'ला चिकटत नाही.
मी केलं. मी विकलं. मी खोडलं.
कोरडाच राहतो 'मी', अंगाला कुसळ नाही.
वीस वर्षं शिकवते, आणि हे आज दिसलं.

चहात दीड चमचा साखर होती, नेहमीसारखी.
उद्या पाचवा तास पुन्हा माझ्याकडेच.
इर्शाद हे विचारणार, मला माहीत आहे.