दाराबाहेरची फरशी

टोप्या राहू द्या डोक्यावर, हे काही चर्च नाही.
तिकिटं मात्र जपा, वरच्या मजल्यावर पुन्हा विचारतात.
मी स्विन्दा इसेनिया. मंगळवार ते शनिवार
हे घर माझ्या ताब्यात असतं,
म्हणजे किल्ल्या असतात.

भिंती पिवळ्या, कारण पांढऱ्याने मालकाचे डोळे दुखत.
असं मी सांगते. खरं असेलही.
खिडक्या वाऱ्याच्या अंगाला. इथून मिठागरं दिसतात,
आणि मिठागरात कोण वाकलंय, कोण उभं राहिलंय, तेही.
टेबल बोटीने आलं, झुंबर बोटीने आलं,
विटासुद्धा बोटीने आल्या.
एवढं बोलून मी जरा थांबते.
कुणी मान खाली घालतं.
कुणी झुंबराचा फोटो घेतं.

अंगणातल्या घंटेच्या लोलकाला फडकं बांधलंय.
पोरं वाजवायची. पलीकडच्या फेलिपा मार्टिसने,
वय शहाण्णव, निरोप धाडला:
नका गं वाजवू, माझी आजी दचकून उठते.
फडकं मीच बांधलं.

आणि हे शयनघर. दोरीच्या अलीकडून बघा.
दाराबाहेरच्या या फरशीबद्दल माझ्या कागदावर काही नाही.
दोन खळगे आहेत, शेजारी शेजारी.
पुसताना त्यांत पाणी राहतं.
हाक येईपर्यंत इथे कुणीतरी उभं असायचं,
त्याच्यामागून दुसरं, तिसरं;
दगड काही एका जन्मात झिजत नाही.
मी पाय ठेवून पाहिलेत. टाचा बाहेर राहतात.

गेल्या साली ॲमस्टरडॅमहून दुरुस्तीवाले आले.
भले लोक. झिजलेल्या फरशा बदलायच्या म्हणून यादी करत होते.
त्या सकाळी हे कपाट मी एकटीने ढकललं दारापाशी.
कंबर अजून धरते.
ते लिहून गेले: कपाट, महोगनी, जागा चुकलेली.

तुमच्यातली ती, वेणीत निळे मणी,
मघापासून एक अक्षर बोलली नव्हती.
तिने सँडल काढले.
उजवा पाय ठेवला. मग डावा.
मी म्हणणार होते, बाळ, पाटी वाच.
'आई,' ती म्हणाली, 'माझ्याच मापाचे आहेत.'

चला.
पुढे स्वयंपाकघर.
चौकट बुटकी आहे, मोठ्यांनी
डोकी सांभाळा.