बंदीच्या दिवसांत ड्रॅगन

सर्जेकोटच्या जाळीखोलीत
पाच जणांत एक फोन, तोही फुटक्या काचेचा,
डिझेलच्या कॅनला टेकवून उभा.
होड्या वर ओढलेल्या, झापांखाली.
समुद्र बंद एकतीस जुलैपर्यंत,
आणि रेंज फक्त खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात.

मालिका जपानी. गोष्ट अशी, की
अकरा वर्षं खोलीबाहेर न पडलेला एक ओटाकू
एका सकाळी खोलीसकट दुसऱ्या जगात जाऊन पडतो.
दार उघडतो, तर समोर ड्रॅगनांचं राज्य.
तो दार लावून घेतो
आणि राहिलेलं कॉमिक पुरं करतो.
इथं आम्ही सगळे एकदम हसलो.
इथूनच भांडण.

हेरंब कुबल म्हणतो, निव्वळ भंकस.
दोन भाग युद्ध ताणलं, आणि शेवटी काय,
तर सेनापती तह करतो
कारण त्याला कॉमिकचा पुढचा खंड हवा.
"असा खंय आसता?"
"ड्रॅगन तरी खंय आसतत?" तौफिक म्हणतो,
जाळ्याची सुई दातांत धरून.

तौफिकच्या मते सातवा भाग
एकटा सगळी मालिका तारतो :
राणी तिन्ही डोकी एकाच पुस्तकात घालून वाचते
आणि पान कोणी उलटायचं
यावरून स्वतःशीच अबोला धरते.
त्यानं तो नऊदा पाहिलाय,
त्यातला तीनदा भर समुद्रात,
इंजिनाच्या धडधडीत, एक अक्षर ऐकू न येता.

शलाका खवणेकर रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकते,
गाठ आमच्या दुप्पट वेगानं मारते.
"त्या परीला थंडी वाजत नाही?
बर्फाच्या डोंगरावर रुमालाएवढ्या कपड्यांत?
बारा भागांत तिला सतरा वाक्यं. मी मोजलीत.
त्यातली सहा नुसती 'अय्या'."
हेरंबला वाटलं, चला, एक मत आपल्याकडे.
तर ही लगेच उलटली :
"विनोद मात्र खरा आहे हां.
तो आपल्याला हसतो,
पण आपल्याच चटईवर बसून."

माझी तक्रार लहान. त्या जगात समुद्र नाही.
नकाशा दाखवतात : डोंगर, दरी, वाळवंट, परत डोंगर.
मग एवढे ड्रॅगन खातात काय?
यावर कुणी उत्तर दिलं नाही.
माझ्या मुद्द्यांचं बहुतेकदा असंच होतं.

दिलबहादूर यंदा नेपाळला गेला नाही.
तिकिटाचे पैसे त्यानं घरी धाडले,
आणि होड्या राखायला राहिला.
त्याला खालच्या ओळी वाचता येत नाहीत,
म्हणून वाचून दाखवतो कोण, तर हेरंबच,
भंकस म्हणणारा. तेही मालवणीत, आवाज काढून.
ड्रॅगनांची राणी दार ठोठावते :
"गे बाये, फुडचो भाग खंय ठेवलस?"
दारामागचा ओटाकू बाय नाही, बाप्या आहे,
पण हेरंब भरात आला की थांबत नाही.
शिव्याही मूळ मालिकेत नाहीत.

बारावा भाग संपला तेव्हा दिलबहादूर म्हणाला,
सहा हंगामांत उचललेल्या मालवणीत,
त्याच्या डोंगराकडच्या हेलानं,
"खोली हय इली. मगे दाराभायर ताट कोण ठेवता?"

कसलं ताट?

आम्ही मागे गेलो. अकरावा. आठवा. दुसरा.
प्रत्येक भागात, एक क्षणभर, चौकटीच्या कडेला,
उंबऱ्याशी ताट. झाकलेली वाटी.
एकदा त्यावर सोललेलं संत्रं.
कोणी बोलत नाही त्याबद्दल. परीही नाही.
ड्रॅगन त्याला शेपटी लागू न देता वळतात.

"चित्रकाराची चूक आसतली," हेरंब म्हणाला.
"बारा वेळा?"
"आळशी आसतलो. जुनाच चित्र परत लावल्यान."
"मग संत्रं?"
तौफिक आता आठवा भागही मोठा म्हणायला लागला.
शलाकानं विचारलं, तेराव्यात तरी तो खोलीबाहेर येतो का,
तर दोघं एकदम ओरडले, सांगू नकोस.
तिला ठाऊकच नव्हतं. तीच तर विचारत होती.

दिलबहादूर पुन्हा जाळ्याकडे वळला होता.
बॅटरी तीन टक्के.
हेरंबनं त्याच्या वहीत, जिथं दहापैकी दोन लिहिले होते,
तिथं काट मारली.
चार, तो म्हणाला. चारच हां.
आणि फोन उचलून
खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.