सातच्या पुढे

पहाटे पावणेपाचला पाम बीच रस्ता
माझ्याशी नीट बोलतो.
दिवसा त्याला हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही.
पुढे ताटलीएवढा सायकलच्या दिव्याचा उजेड,
कडेने खारफुटीचा ओला, आंबूस, आता ओळखीचा झालेला वास,
आणि डोक्यात तांडेलसरांचं कालचं वाक्य:
उद्या हळू.
किती हळू, विचारलं होतं मी.
चालवता चालवता गाणं म्हणता आलं पाहिजे, इतकं.
गाणं मला येत नाही.
मग औषधांची नावं म्हणत गेले, मिलिग्रॅमसकट,
नेरूळपासून थेट किल्ले गावठाणापर्यंत.

सत्तेचाळीस वर्षांची भूलतज्ज्ञ मी.
टेबलावरच्या माणसाला सांगते, दहापासून उलटे आकडे मोजा.
सातच्या पुढे कुणी गेलेलं आठवत नाही.
मग त्याचा श्वास माझ्या मुठीत येतो,
रबरी फुग्यात, दाबला की जातो, सोडला की येतो.
वीस वर्षं मोजले असे दुसऱ्यांचे.
स्वतःचा पहिल्यांदा ऐकला
तो तरणतलावाच्या उथळ टोकाला, नाकात पाणी गेल्यावर,
आठेक वर्षांची एक पोरगी
'काकू, सरका' म्हणत शेजारून सपसप गेली तेव्हा.

सर दिवाळ्याचे. बापाच्या होडीवर वाढलेले.
सहा आठवडे त्यांनी मला नुसते बुडबुडे काढायला लावले.
एमडीला बुडबुडे!
चिडले तर म्हणाले,
पाण्याला घाई कळत नाही, डॉक्टर.
ते जागचं हलत नाही, तुम्हीच दमता.

एकोणीसशे मीटर पोहायचं, नव्वद किलोमीटर सायकल,
मग एकवीस पळायचं.
याला अर्धं अंतर म्हणतात.
अर्धं!
नवऱ्याने ऐकलं आणि गुपचूप विम्याचे कागद शोधून ठेवले.

सरांचा तक्ता फोनमध्ये येतो.
झालं तर चौकोन हिरवा, अर्धं झालं तर पिवळा,
चुकलं तर लाल.
ऑगस्टमध्ये आमचे दोघे डेंग्यूने आडवे झाले,
त्यांच्या रात्री माझ्या वाट्याला आल्या.
सिझेरियन, फुटलेलं अपेंडिक्स, पुन्हा सिझेरियन,
वाटीत सुकलेला उपमा.
नऊ दिवस बूट दारामागे तोंड फिरवून बसले
आणि मी तक्ता उघडला नाही.

रोगी कसे सांगतात, रात्रीपासून उपाशी आहे,
आणि तोंडाला चहाचा वास येत असतो,
तसं काहीतरी मीही जुळवून ठेवलं होतं.
थोडं पळाले, लिहिणार होते. जिना चढले, लिहिणार होते.

दहाव्या दिवशी उघडला.
नऊ चौकोन. लाल एकही नाही.
प्रत्येकात सरांच्या हातचं, त्या त्या रात्री भरलेलं:
विश्रांती.
विश्रांती.
सहाव्यात: विश्रांती. जेवलात का?
नवव्यात फक्त: पाऊस आहे, रस्ता कुठे जात नाही.

कपडे बदलायच्या खोलीत, हिरव्या टोपीसकट,
मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले थोडा वेळ.
मग पुढची केस आली.

आज उरण, पिरवाडी.
समुद्र दुधाळ चहासारखा, स्वतःचा हातही दिसत नाही त्यात.
सर होडीत, वल्हं मांडीवर आडवं, गप्प.
मी हात मारते आणि मोजते, सुलट.
पाच. सहा. सात.
सातला अजून जागीच आहे.
आठ.
खारट घोट. नऊ. मान वळव, आभाळाचा तुकडा, श्वास.
एकशे चाळीसनंतर मोजायचं विसरले.

होडीला हात टेकला तेव्हा सर म्हणाले,
पिशवीत तुमचा फोन वाजत होता.
कितीदा?
दोनदा. तिसऱ्यांदा मी उचलला.
काय सांगितलंत?
वल्हं पाण्यात सोडत म्हणाले,
सांगितलं, बाई पाण्यात आहेत.
हळू येतील.