बेस

शारजात, अल नहदाच्या नवव्या मजल्यावर
आम्ही पाच वैमानिक, पलंग तीन.
फ्रिजवर चिकटवलेल्या रोस्टरवरून कळतं
आज कोणाची उशी कोणाची.

घर अकोल्याला. बायको, मुलगी, तुरीचा वास येणारी गल्ली.
कंपनीच्या कागदावर मात्र मी इथला :
होम बेस, शारजा.
सुट्टी चार दिवसांची. एक जाण्यात, एक येण्यात,
तेही विमानात जागा उरली तर.

काल नागपूरचं विमान गच्च.
काउंटरवरचा फर्नांडिस म्हणाला, थांबा कॅप्टन.
थांबलो.
दोरीनं आवळलेली खोकी ढकलत
तीन वर्षांनी घरी निघालेले गवंडी पुढे सरकत राहिले.
एकानं माझ्या खांद्यावरच्या पट्ट्या पाहिल्या :
"साहेब, तुम्हीच नेणार ना आम्हाला?"
"नाही हो. मलाच कोणी नेतंय का, बघतोय."
तो हसला. मग त्याला कळलं, मग हसला नाही.

दार मिटलं. आईचा फोन :
"बेस हाय नं तिकडं?"
तिच्या बोलीत बेस म्हणजे झकास, बरं चाललेलं.
"बेस हाय," म्हटलं.

टॅक्सीत बसल्यावर आठवलं,
आज पलंगाची पाळी
माझी नाही.