डोकं हलवू नका

सोहारच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
जिथे उन्हाचं काही चालत नाही,
मी माणसांना नळकांड्यात सरकवते.
घड्याळ, चावी, नाणी, ताईत – सगळं ट्रेमध्ये.
अरबीत तीन वाक्यं, उर्दूत तीन,
आणि वर्षातून एखाद्या वेळी आपल्या भाषेत:
डोकं हलवू नका.

शरफुद्दीन हमदुले, दाभोळचे, वय एक्केचाळीस.
बंदरावर क्रेन चालवायचे.
चाळीस मीटर उंचीवर उजवा हात आपोआप नाचू लागला
आणि कंटेनर तासभर लोंबत राहिला हवेत,
कुणाकुणाच्या फ्रीजांसकट.
"हात माझा, हुकूम दुसऱ्याचा," म्हणाले,
आणि हसायला गेले. जमलं नाही.

पडद्यावर मला दिसली ती. डावीकडे.
पाण्याची गोळी, वाटाण्याहून लहान,
आत एक ठिपका,
भोवती सुजेचं धुरकट कडं.
मी बोलायचं नसतं. बोलायचं डॉक्टरांनी.
डॉक्टर हैथम म्हणाले, फिट येऊ नये म्हणून गोळ्या घ्या,
गाठीला काही करायचं नाही. थांबू.

थांबू!
इथे तर थांबायलाही व्हिसा लागतो.
दारात त्यांनी मला तीनदा विचारलं,
"कापणार नाहीत? औषध नाही?
गरीब म्हणून तर नाही ना, बाई?"

नऊ महिने ते गोदामात बोल्ट मोजत होते.
घरी सांगितलं, बढती झाली, आता सावलीत काम.
क्रेनवर एक नेपाळी पोरगा बसवला.
"चांगला चालवतो," हे त्यांनीच मला सांगितलं,
दुसऱ्या खेपेला, बूट काढता काढता.

पुन्हा ट्रे. पुन्हा ताईत.
मी एकेक काप उलटत गेले,
मागे गेले, पुन्हा पुढे आले,
नाव तपासलं, जन्मतारीख तपासली.
गोळी नाही. कडं नाही.
होती तिथे मोहरीएवढा काळा ठिपका.
कुणी मारली नाही, कुणी काढली नाही,
कफीलला न विचारता,
एक्झिटचा शिक्का न घेता
गेली.

काचेआड मी एकटीच हसले.
बोलायचं नसतं.
बाहेर येऊन त्यांनी घड्याळ बांधलं, माझं तोंड वाचत.
"जेवलात का?" मी विचारलं.
अकरा वर्षांत कुठल्या पेशंटला विचारलं नव्हतं.

ते बघत राहिले.
मग ताईत गळ्यात नाही, खिशात टाकला,
आणि अगदी हळू म्हणाले,
"म्हणजे कंटेनर उतरला?"

मी पुढच्याचं नाव पुकारलं.
दोनदा चुकले उच्चारताना.